विखुरलेल्या माहितीची जोडणी

इंटरनेटवरच्या खासगीपणाचा विषय निघाला की बोलणे पासवर्ड, ओटीपी आणि बँकेच्या खात्यावर येते, आणि मग हमखास कोणीतरी म्हणतो, "आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. खासगी माहिती म्हणजे गुपित, आणि ते फुटले तरच नुकसान, असे आपण धरून चालतो. पण इंटरनेटवर खासगीपणा जातो तो बहुतेक वेळा एकही गुपित न फुटता. निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या कामांसाठी, राजीखुशीने दिलेली माहिती कोणीतरी एकत्र जुळवतो, आणि त्यातून जे चित्र उभे राहते ते आपण कोणालाही दिलेले नसते. म्हणून या विवेचनातला मुख्य प्रश्न जोडणीचा आहे. ती कशाच्या आधारे होते, आणि सामान्य माणसाला ती कुठे तोडता येते?

जोडणी होते कशी

या प्रश्नाचा शास्त्रीय पाया लतान्या स्वीनी यांच्या १९९७ च्या कामाने घातला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी नावे आणि पत्ते काढून संशोधनासाठी दिल्या गेल्या होत्या. नावे काढली आहेत, तेव्हा काळजीचे कारण नाही, अशी ग्वाही गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी दिली होती. स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. गव्हर्नरांच्या जन्मतारखेचे सहा जण निघाले, त्यांतले तीन पुरुष, आणि त्यांच्या टपाल विभागात राहणारा एकच. आजारपणाच्या नोंदी गव्हर्नरांच्याच होत्या. दोन्ही याद्या आपापल्या जागी निरुपद्रवी होत्या. पुढे स्वीनी यांनी मांडले की जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी टपाल कोड या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतील ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात.

आपल्याकडे काय होईल, याचा ढोबळ हिशेब घरबसल्या करता येतो. भारतात सुमारे १९ हजार पिन कोड आहेत. लोकसंख्या १४० कोटी धरली तर एका पिन कोडच्या वाट्याला सरासरी ७४ हजार माणसे येतात. सत्तर वर्षांतल्या जन्मतारखा साधारण साडेपंचवीस हजार. प्रत्येक तारखेचे स्त्री आणि पुरुष असे दोन गट केले तर ५१ हजार गट झाले. म्हणजे एका गटात सरासरी दीड माणूस. दाट वस्तीत हा आकडा वाढेल, तरुण वयात आणखी वाढेल. पण चार-पाच जणांतून एकाला वेगळे काढायला शिक्षण किंवा नोकरी यांपैकी एक तपशील पुरतो. महाराष्ट्रात एक पिढी अशी आहे की शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख लावली. त्या तारखेच्या गर्दीत माणूस हरवून जातो, आणि या शास्त्रात संरक्षणाचे माप तेच आहे: तुमच्यासारखे दिसणारे आणखी किती जण आहेत?

आता लग्नाच्या बायोडाट्याकडे याच दृष्टीने पाहावे. नाव, जन्मतारीख, मिनिटापर्यंत जन्मवेळ, जन्मस्थळ, शिक्षण, कंपनी, पगार, वडिलांचा हुद्दा, मामांची नावे आणि गावे, स्वतःचा फ्लॅट, गावाकडची शेती, मोबाईल क्रमांक आणि तीन फोटो. ही पीडीएफ एका काकूंना पाठवली जाते, त्या ती वधू-वर सूचक ग्रुपवर टाकतात, आणि तिथून ती कुठे जाते याचा हिशेब कोणाकडेच राहत नाही. लग्न होऊन मुले शाळेत गेली तरी ती फिरतच असते. मामांच्या आडनावावरून आईचे माहेरचे आडनाव कळते, आणि खाते परत मिळवताना किंवा ग्राहक सेवेला फोन केल्यावर ओळख पटवण्यासाठी तेच विचारण्याची पद्धत वर्षानुवर्षे आहे. गट नंबर कळला तर सातबारा ऑनलाइन पाहता येतो, त्यावर खातेदाराचे नाव, क्षेत्र आणि बोजा असतो. मतदार यादीतून नात्याचे माणूस, वय आणि घर क्रमांक मिळतो. घरातल्या सुशिक्षित, सावध माणसांनीच हा कागद प्रेमाने तयार केलेला असतो, हे मला यातले सर्वांत गंभीर वाटते.

माणूस कुठे-कुठे जातो एवढ्यावरूनही ओळख पटते. इव्ह-अलेक्झांद्र द मोंजॉय आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाईल नोंदी तपासल्या. कोणत्या वेळी कोणत्या टॉवरच्या हद्दीत, असे चार ठिपके कळले तर ९५ टक्के लोक इतरांपासून वेगळे काढता येतात, असे त्यांना आढळले. घर आणि कचेरी हे दोन ठिपके तर आपण सगळ्यांनाच माहीत करून दिलेले असतात.

ओळखखुणांचे प्रकार

ज्या तपशिलाच्या आधारे दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत असे ठरते, त्याला ओळखखूण म्हणू. ओळखखुणा किती गुप्त आहेत यापेक्षा त्या किती बदलता येतात, या कसोटीवर त्यांची वर्गवारी जास्त उपयोगी पडते.

पहिला प्रकार सहज बदलणाऱ्या खुणांचा. पासवर्ड यात येतो, आणि ब्राउझरमधली कुकीही. कुकी ही कल्पना नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये आणली. संकेतस्थळाला आधीचा ग्राहक आठवावा, हा तिचा साधा हेतू होता. पुढे जाहिरात कंपन्यांनी आपल्या कुकी हजारो संकेतस्थळांवर ठेवल्या, आणि एका दुकानासाठी केलेली खूण सगळ्या बाजारात माग काढू लागली. अँड्रॉइड फोनमधला जाहिरात क्रमांकही असाच असतो आणि सेटिंग्जमध्ये जाऊन तो काढून टाकता येतो. आयफोनवर एप्रिल २०२१ पासून इतर अ‍ॅपमधून माग काढण्याआधी अ‍ॅपला परवानगी विचारावी लागते. ती नाकारावी.

दुसऱ्या प्रकारातल्या खुणा बदलता येतात, पण त्रासाने. भारतात यांची राणी म्हणजे मोबाईल क्रमांक. बँक, आधार, गॅस, व्हॉट्सअ‍ॅप, किराणा दुकानाचे बिल, सोसायटीच्या गेटवरचे रजिस्टर, दातांचा दवाखाना, सगळीकडे एकच दहा आकडे. यूपीआय अ‍ॅपमध्ये क्रमांक टाकला की बरेचदा खातेदाराचे नाव समोर येते. म्हणजे ज्याच्या हाती फक्त क्रमांक आहे त्याला नाव मिळाले, आणि नावावरून पुढचे दुवे उघडले. बिल करताना ग्राहकाला मोबाईल क्रमांकाची सक्ती करू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवले होते. तरीही काउंटरवर "नंबर सांगा" ऐकू येते आणि आपण सांगतो. संकोच सोडून "नंबर देणार नाही" म्हणणे हा माझ्या मते खासगीपणाचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

तिसऱ्या प्रकारच्या खुणा जन्मभर बदलत नाहीत: जन्मतारीख, आईचे माहेर, बोटांचे ठसे, चेहरा. दस्तनोंदणीच्या कागदांवरचे अंगठे उचलून, त्यांची नक्कल करून आधारवर चालणाऱ्या व्यवहारांतून पैसे काढल्याचे गुन्हे अनेक राज्यांत उघडकीस आले आहेत. पासवर्ड चोरीला गेला तर पाच मिनिटांत नवा घेता येतो. अंगठा नवा मिळत नाही.

ही वर्गवारी मांडली की आपल्या सवयीतला दोष उघड दिसतो. जे बदलता येते ते आपण जिवापाड जपतो आणि जे कधीच बदलता येणार नाही ते पहिल्या विचारणीला देऊन टाकतो.

तोडायचे कुठे

यातून उपायांचा क्रम आपोआप ठरतो. न बदलणारी खूण देणे शक्य तिथे टाळावे, आणि द्यावीच लागली तर तिच्या जागी बदलता येणारी उभी करावी. आधारच्या बाबतीत ही सोय आहे, पण ती वापरणारे थोडे. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून १६ आकडी आभासी क्रमांक काढता येतो, आणि नवा काढला की जुना रद्द होतो. ज्या आधार प्रतीवर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात तीही तिथेच मिळते. हॉटेलात किंवा घरमालकाला तीच द्यावी. बोटांचे ठसे कुलूपबंद ठेवण्याची सोयही आहे. कामापुरते उघडावेत आणि पुन्हा बंद करावेत. खात्याच्या सुरक्षाप्रश्नात आईचे माहेर विचारले तर खरे उत्तर देण्याचे बंधन नाही. कोणताही असंबद्ध शब्द लिहावा आणि तो पासवर्ड मॅनेजरमध्ये जपून ठेवावा.

मोबाईल क्रमांकासाठी दोन क्रमांकांची पद्धत चांगली चालते. बँक आणि आधारचा क्रमांक वेगळा, तो घरच्यांपलीकडे कोणाला नाही. खरेदी, डिलिव्हरी आणि फॉर्म यांसाठी दुसरा. ई-मेलचेही तसेच. यूपीआयचा पत्ता क्रमांकाऐवजी वेगळ्या शब्दांचा ठेवता येतो. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते, आणि अनोळखी सिम दिसले तर तिथेच कळवता येते. जुना क्रमांक सोडताना मात्र फार जपावे. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर नव्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. तुमच्या बँकेत तोच नोंदलेला राहिला असेल तर तुमचे ओटीपी परक्याच्या हातात पडतात. म्हणून सिम सोडण्याआधी बँक, आधार, ई-मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप या चार जागी क्रमांक बदलून घ्यावा.

ब्राउझरच्या बाबतीत गैरसमज फार आहेत. इनकॉग्निटो खिडकी बंद केल्यावर त्या फोनवरचा इतिहास आणि कुकी पुसल्या जातात, एवढेच तिचे काम. संकेतस्थळ, कचेरीचे नेटवर्क किंवा इंटरनेट पुरवणारी कंपनी यांच्यापासून ती काही लपवत नाही. आणि कुकी पुसली तरी स्क्रीनचा आकार, फाँट, भाषा, वेळेचा पट्टा अशा बारीक तपशिलांतून ब्राउझरचा ठसा उरतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या २०१० च्या पाहणीत तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३.६ टक्क्यांचा ठसा एकमेव निघाला. सफारी आणि फायरफॉक्स परक्या कुकींना आपणहून आवर घालतात. क्रोममधून त्या हद्दपार करण्याचा बेत मात्र गूगलने जुलै २०२४ मध्ये सोडून दिला. ब्राउझर निवडताना हा फरक लक्षात घ्यावा.

व्हीपीएनची जाहिरात संपूर्ण सुरक्षेची असते. तो करतो एवढेच की इंटरनेट कंपनीला जे दिसत होते ते आता व्हीपीएन कंपनीला दिसते. विश्वासाची जागा बदलते, गरज तशीच राहते. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. फुकटचा व्हीपीएन तर घेऊच नये, कारण त्याचा खर्च कुठून तरी निघत असतो.

संदेशांचा मजकूर कूटबद्ध असला तरी कोणाशी, केव्हा, किती वेळा बोललो ही नोंद वेगळी असते, आणि जोडणीला मजकुरापेक्षा तीच जास्त उपयोगी पडते. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ मध्ये सर्व संदेश कूटबद्ध केले, ही मोठी गोष्ट होती. पण अशी नोंदच कमीत कमी ठेवायची, हा सिग्नल या संदेश अ‍ॅपचा मार्ग त्याच्या पुढचा आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयीन आदेशानंतर सिग्नलला फक्त खाते उघडल्याची आणि शेवटच्या जोडणीची वेळ देता आली, कारण त्यांच्याजवळ दुसरे काही नव्हतेच. साठवलेच नाही ते चोरता येत नाही आणि मागताही येत नाही.

कायद्याचा आधार किती

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा यायला २०२३ उजाडले, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरची मुख्य बंधने लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. दिलेली संमती मागे घेण्याचा आणि माहिती खोडायला लावण्याचा हक्क या कायद्यात आहे, तो मागून घ्यायला शिकले पाहिजे. पण सरकारी यंत्रणांना त्यात ज्या सवलती आहेत त्या मला फार सैल वाटतात. शिवाय दोन अपवाद आपल्या विषयाला थेट भिडतात. माणसाने स्वतः होऊन जाहीर केलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही, आणि कोणी वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी दुसऱ्याची माहिती वापरली तर तिलाही नाही. काकूंनी ग्रुपवर टाकलेला बायोडाटा बहुधा दोन्हींतून निसटतो.

तिथे काम घरातच करावे लागते. ग्रुपवर जाणाऱ्या पहिल्या कागदावर जन्माचे फक्त वर्ष असावे, पूर्ण तारीख, जन्मवेळ आणि पत्रिका दोन्ही घरांचे फोनवर बोलणे झाल्यावर द्यावी. कंपनीच्या नावाऐवजी कामाचे क्षेत्र लिहावे. मामांची आडनावे, फ्लॅटचा पत्ता आणि शेतीचा गट नंबर गाळावा. संपर्कासाठी बँकेशी जोडलेला क्रमांक देऊ नये. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो कुठे काढला याची नोंद त्याच्यासोबत जाऊ शकते, साधा फोटो म्हणून पाठवला तर ती गळते. आणि लग्न ठरले की ज्या ज्या मंडळांत नाव नोंदवले तिथे लेखी कळवून ते काढून घ्यावे.