वेड्यावाकड्या शिंगांचे गूढ

अलास्काच्या आखातातील कोडियाक बेट महाकाय तपकिरी अस्वलांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. शिकाऱ्यांना मात्र तेथे आणखी एक प्राणी खुणावतो. तो म्हणजे सिट्का जातीचे काळ्या शेपटीचे हरीण. हे हरीण मूळचे या बेटावरचे नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आग्नेय अलास्कातून मोजकी हरणे येथे आणून सोडण्यात आली आणि त्यांचा वंश बेटभर पसरला. पुढे बेटाच्या दक्षिणेकडील अलियुलिक द्वीपकल्पातील अनेक नरांची शिंगे विकृत असल्याचे लक्षात आले. त्यांतील बहुतेकांचे वृषणही उदरातून खाली उतरलेले नव्हते. या दोन व्यंगांचा परस्परांशी काय संबंध, हे समजण्यासाठी आधी हरणाचे शिंग म्हणजे काय, हे पाहायला हवे.

दरवर्षी उगवणारे हाड

गाय, म्हैस किंवा काळवीट यांच्या शिंगांवर नखासारख्या पदार्थाचे पोकळ आवरण असते आणि ती आयुष्यभर टिकतात. चितळ, सांबर आणि सिट्का हरीण यांची शिंगे मात्र भरीव हाडाची असतात. ती ठरावीक काळाने गळून पडतात आणि कवटीवरील खुंटांतून पुन्हा उगवतात. वाढीच्या काळात त्यांच्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली त्वचा असते. मोठ्या जातींच्या हरणांत ही वाढ ऐन भरात दिवसाला दोन सेंटिमीटरहूनही अधिक असते. सस्तन प्राण्यांत इतक्या वेगाने वाढणारे दुसरे हाड नाही.

या चक्राची सूत्रे टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकाच्या हाती असतात. समागमाचा काळ जवळ येताच त्याचे प्रमाण वाढते, शिंग टणक होते, मखमल वाळते आणि नर ती झाडाझुडपांवर घासून काढतो. हंगाम सरल्यावर संप्रेरक ओसरते आणि शिंगे गळतात. शिंगे फुटण्यापूर्वी खच्ची केलेल्या पाडसाला ती कधीच येत नाहीत, हे अ‍ॅरिस्टॉटलनेही नोंदवून ठेवले आहे.

चक्र बिघडते तेव्हा

संप्रेरकाचा पुरवठा तुटला, की वाढीला थांबा राहत नाही. वृषणांना इजा झालेल्या वा ते न उतरलेल्या नराची शिंगे टणक न होता मखमलीतच राहतात आणि त्यांवर गाठी व काट्यांसारखे फुटवे येतात. अमेरिकेतील शिकारी अशा नराला निवडुंगाची उपमा देतात. युरोपातील रो हरणात हीच वाढ केसांच्या टोपासारखी डोक्यावर पसरते. कधीकधी ती डोळ्यांवर येऊन प्राणी आंधळा होतो, तिच्यात जखमा होऊन किडे पडतात.

सर्वच विकृतींचे मूळ संप्रेरकात नसते. खुंटाला मार बसला तर त्यातून उगवणारे शिंग वर्षानुवर्षे वाकडे येऊ शकते. मागच्या पायाला गंभीर दुखापत झाल्यास बहुधा विरुद्ध बाजूचे शिंग खुरटते. एरवी शिंगे नसलेल्या जातीच्या मादीलाही संप्रेरकांच्या असंतुलनामुळे क्वचित शिंगे फुटतात.

कोडियाकचा इशारा

कोडियाकमधील हरणांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अलियुलिक द्वीपकल्पातील ९४ नरांपैकी ६१ नरांचे दोन्ही वृषण उतरलेले नव्हते आणि त्यांतील ७० टक्के नरांची शिंगे विकृत होती. या द्वीपसमूहाच्या अन्य भागांतील ६५ नरांपैकी हा दोष केवळ ५ नरांत आढळला. उदरात राहिलेल्या ज्या वृषणांची तपासणी झाली, त्यांत शुक्रजंतूंची निर्मिती होत नव्हती. गाठी आणि कर्करोगाची पूर्वावस्था वाटावी अशा पेशी मात्र होत्या.

यावर संशोधकांनी दोन शक्यता मांडल्या. पहिली आनुवंशिक, म्हणजे एखाद्या मूळपुरुषातील जनुकीय दोष त्याच्या वंशात पसरला असावा. दुसरी पर्यावरणाशी निगडित. गाभण मादीच्या खाण्यातून, कदाचित किनाऱ्यावरील समुद्रशैवलातून, स्त्री-संप्रेरकासारखे काम करणारे एखादे द्रव्य गर्भापर्यंत पोहोचत असावे. संशोधकांचा कल दुसऱ्या शक्यतेकडे होता. मात्र ती त्यांनी गृहीतक म्हणूनच मांडली, कोणत्याही द्रव्यावर नेमके बोट ठेवले नाही. न उतरलेले वृषण आणि वृषणाचा कर्करोग यांचा संबंध माणसातही आढळतो. त्यामुळे हा प्रश्न हरणांपुरता उरत नाही.

विकृत शिंगांचे आकर्षण जुने आहे. जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या मॉरिट्झबुर्ग राजवाड्यात अशा शिंगांचे स्वतंत्र दालन आहे. अमेरिकेतील बून अँड क्रॉकेट क्लबच्या नोंदींतही अनियमित शिंगांसाठी वेगळा वर्ग आहे. त्यांतील प्रत्येक शिंग आजाराचेच लक्षण असते, असे नाही. वय, पोषण आणि अनुवंश यांमुळे धडधाकट नरालाही जादा फाटे फुटतात. हा फरक ठरतो तो उर्वरित शरीराच्या तपासणीवरून. भिंतीवर मिरवण्यासाठी केवळ डोके नेले, तर निदान जंगलातच राहून जाते.