वेदनेची वाट एकेरी नाही

रने देकार्त यांच्या १६६४ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच ग्रंथात एक चित्र आहे. विस्तवाजवळ पाय नेलेला मुलगा आणि त्याच्या पायापासून मेंदूपर्यंत गेलेला एक धागा. दोरी खाली ओढली की वर घंटा वाजते, तशी वेदना मेंदूला कळते, ही त्यामागील कल्पना. या कल्पनेचा पगडा सुमारे तीन शतके टिकला. जखम जितकी मोठी, तितकी वेदना मोठी, असे मानले जाई.

दुसऱ्या महायुद्धात इटलीतील आन्झिओ येथे अमेरिकी भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांना वेगळेच दिसले. गंभीर जखमी सैनिकांपैकी बहुतेक जण वेदनाशामक मागतच नव्हते. पुढे १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी सिद्धान्त मांडला की, मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांसाठी जणू एक दार असते आणि ते किती उघडावे यात मेंदूचाही वाटा असतो.

१९६९ मध्ये याला बळकट पुरावा मिळाला. डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मध्यमेंदूतील एका भागाला विद्युत उत्तेजन देऊन, भुलीच्या औषधाविना त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. त्यानंतरच्या दशकात ॲलन बास्बाउम, हॉवर्ड फील्ड्स आदी संशोधकांनी ही उतरती वाट उलगडली. ती मध्यमेंदूतून लंबमज्जेत आणि तेथून मज्जारज्जूत जाते. १९७५ मध्ये जॉन ह्यूज व हान्स कोस्टरलिट्झ यांनी मेंदूतील अफूसदृश रेणू, एन्केफॅलिन, ओळखले. असे रेणू याच वाटेवर कार्य करतात.

मधुमेहात चेतातंतूंना इजा झाली की तळपायांची आग होते. वरून जखम मात्र दिसत नाही. अशा वेळी नैराश्यावरील काही औषधे उपयोगी पडतात, कारण ती उतरत्या वाटेवरील नॉरॲड्रेनॅलिन व सेरोटोनिन यांचा प्रभाव वाढवतात. त्यांपैकी ड्युलोक्सेटिनला अमेरिकेत २००४ मध्ये या वेदनेसाठी मान्यता मिळाली. मात्र हीच यंत्रणा कधी वेदना वाढवतेही. म्हणून प्रत्येकाला सारखा गुण येत नाही.

तपासणीत काही सापडले नाही की रुग्णाला ‘हे मनाचे खेळ आहेत’ असे ऐकावे लागते. मेंदूचा वेदनेत सहभाग असतो, म्हणून ती खोटी ठरत नाही. उलट, तेथूनच तिच्यावर उपचाराचा एक मार्ग निघतो.