मन शांत करणाऱ्या गोळीची गोष्ट



झोप येत नाही, छातीत धडधडतं, म्हणून डॉक्टर एखादी छोटीशी गोळी लिहून देतात. मग ती जाऊबाईंना, शेजारणीलाही सुचवली जाते. या गोळीचा इतिहास आपण बायकांनी तर जाणून घ्यायलाच हवा.

लिओ स्टर्नबाख हे ज्यू रसायनशास्त्रज्ञ १९४१ साली युरोपातून अमेरिकेत आले. रॉश कंपनीत ते मन शांत करणारं औषध शोधत होते. बरेच प्रयोग फसले. १९५७ मध्ये प्रयोगशाळेची आवराआवर चालू असताना बाजूला पडलेला एक पदार्थ सापडला. टाकून देण्याऐवजी तो तपासायला पाठवला, आणि त्यातूनच १९६० मध्ये लिब्रियम आलं. १९६३ मध्ये त्याचंच भावंड व्हॅलियम, म्हणजे डायझेपाम, आलं.

त्याआधीच्या बार्बिट्युरेट गोळ्या थोड्या जास्त झाल्या तरी जीव जाई. नव्या गोळ्या त्यामानाने सुरक्षित, म्हणून डॉक्टर त्या सढळ हाताने देऊ लागले. घेणाऱ्यांत बायका जास्त होत्या. १९७८ मध्ये व्हॅलियमच्या सुमारे २३० कोटी गोळ्या विकल्या गेल्या. त्याच वर्षी माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी दारूची आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची सवय लागल्याचं उघडपणे सांगितलं. पुढच्या वर्षी अमेरिकी सिनेटमध्ये या गोळ्यांवर सुनावणी झाली.

ही सवय लागते कशी? मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन आपल्या शरीरात असतंच. गोळी त्याचा जोर वाढवते. रोज घेतली तर काही आठवड्यांत मेंदू तिच्यावर विसंबतो. मग ती एकदम बंद केली की झोप उडते, हात थरथरतात, कधी फिट्सही येतात. वयस्कर माणसं तोल जाऊन पडतात. दारू किंवा अफूवर्गातल्या वेदनाशामकांसोबत घेतली तर श्वास मंदावू शकतो.

तरी औषध वाईट नाही. फिट थांबवायला, ऑपरेशनआधी, तीव्र घाबरटपणात थोड्या दिवसांसाठी ते मोठा आधार देतं. आपल्याकडे २०१४ पासून डायझेपाम, अल्प्राझोलाम ही औषधं 'शेड्यूल एच१' मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत आणि दुकानदाराने विक्रीची नोंद ठेवायची, असा नियम आहे.

आपल्या घरांत एक गोष्ट विशेष जपायला हवी. रात्रीची गोळी चालू असलेल्या सासूबाई चौविहार पाळतात, पर्युषणात अठ्ठाई धरतात, आणि गोळी आपोआप सुटते. बरेच महिने घेतलेली गोळी अशी अचानक सुटणं धोक्याचं असतं. म्हणून पच्चक्खाण घेण्याआधीच डॉक्टरांना भेटा. गोळीची वेळ बदलता येईल का, मात्रा हळूहळू कमी करता येईल का, हे त्यांनाच ठरवू द्या. आणि आपली गोळी दुसरीला देऊ नका, कितीही माया असली तरी.