मतदानाचे वय आणि तरुणांचे राजकारण : १९४२ ते १९८९

भारतातील तरुणांच्या राजकीय सहभागाचा इतिहास हा बव्हंशी मताधिकार नसलेल्या पिढ्यांचा इतिहास आहे. १९३५ च्या कायद्याने मताधिकार मालमत्ता, कर व शिक्षण या निकषांनी मर्यादित केला होता. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात वर्ग सोडून बाहेर पडलेल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना मतपेटी ठाऊक नव्हती. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झालेला शिरीषकुमार मेहता तर शाळकरी वयाचा होता.

राज्यघटनेच्या कलम ३२६ ने सार्वत्रिक प्रौढ मताधिकार दिला. परंतु त्यासाठी वयाची अट २१ वर्षे ठेवली. परिणामी स्वातंत्र्योत्तर काळातही पदवीपूर्व वर्गांतील विद्यार्थी मतदानापासून वंचित राहिले. या विसंगतीचे ठळक उदाहरण म्हणजे गुजरातमधील नवनिर्माण आंदोलन होय. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात भोजनालयाच्या वाढीव दरांवरून असंतोष उफाळला. त्याचे पर्यवसान फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांच्या राजीनाम्यात व पुढे विधानसभेच्या विसर्जनात झाले. मात्र जून १९७५ मध्ये नवी विधानसभा निवडताना २१ वर्षांखालील आंदोलकांना मत देता आले नाही.

६१ व्या घटनादुरुस्तीने ही अट १८ वर्षांवर आणली. ती २८ मार्च १९८९ पासून अंमलात आली. १९८४-८५ मध्ये सुमारे ४० कोटी असलेली मतदारसंख्या १९८९ च्या लोकसभा निवडणुकीत जवळपास ५० कोटी झाली. यात लोकसंख्यावाढीचाही वाटा होता. मतदानाचे प्रमाण मात्र सुमारे ६४ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर आले. हक्काचा विस्तार आणि हक्काचा वापर या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून दिसते.

याच सुमारास महाराष्ट्रात उलट दिशेचे पाऊल पडले. महाविद्यालयीन निवडणुकांतील हिंसाचाराच्या पार्श्वभूमीवर १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकांऐवजी गुणवत्तेवर आधारित वर्गप्रतिनिधींची पद्धत आणली. थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा २०१६ च्या कायद्यात झाली. म्हणजे दोन दशकांहून अधिक काळ अठरा वर्षांचा विद्यार्थी खासदार निवडू शकत होता, परंतु स्वतःचा वर्गप्रतिनिधी नव्हे.

सारांश, पूर्वीच्या पिढ्यांजवळ मत नव्हते, पण राजकीय शिक्षणाची चळवळरूपी शाळा होती. नंतरच्या पिढीस मत मिळाले आणि महाविद्यालयातील सरावाची जागा आक्रसली. तरुणांच्या उदासीनतेची चर्चा करताना या जबाबदारीतील शिक्षणसंस्थांचा वाटा दुर्लक्षिता येणार नाही.