कामकऱ्याचे बिऱ्हाड

शहराच्या इतिहासात किल्ला कोणी बांधला, आगगाडी केव्हा आली, नगरपालिका कोणत्या साली स्थापन झाली, हे सारे नोंदलेले असते. मात्र ज्या हातांनी ते शहर उभारले, ते हात दमूनभागून रात्री कोठे विसावले, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. हा प्रश्न आज आम्ही मीरा-भाईंदरपुरता विचारात घेणार आहोत. मात्र त्याचे मूळ जुन्या मुंबईत असल्याने तेथेही डोकवावे लागेल.

मीरा-भाईंदर हे नाव नवे, वस्ती जुनी. घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीज अमदानीची साक्ष देतो. उत्तनची कोळी वस्ती समुद्रावर पोट भरीत आली आणि खाडीलगतच्या मिठागरांवर अनेक पिढ्यांनी घाम गाळला. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत धावू लागली, तरी पुढे कित्येक वर्षे ही गावे गावेच राहिली. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली आणि २००२ साली महानगरपालिका. १९९१च्या खानेसुमारीत येथे सुमारे पावणेदोन लाख माणसे होती. २००१ साली ती सव्वापाच लाखांच्या घरात गेली आणि २०११ साली आठ लाखांवर. वीस वर्षांत साडेचार पट! एवढी वाढ केवळ घरोघरच्या पाळण्यांनी होत नसते. ही माणसे बाहेरून आली.

ती का आली, हे सांगणे अवघड नाही. दहिसरचा नाका ओलांडला की मुंबईची हद्द संपते आणि जमिनीचा भाव उतरतो. १९८२च्या संपानंतर गिरणगाव मोडत गेले, १९९२-९३च्या दंगलींनी अनेक कुटुंबांना शहराबाहेर आसरा शोधावयास लावले, आणि खोलीचे भाडे न परवडणारा कारकून उपनगरांच्याही पलीकडे सरकला. या सर्वांची घरे बांधावयास गवंडी व बिगारी आले. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे निघाले, तेथे पत्रा दाबणारे आणि पॉलिश करणारे मजूर परप्रांतांतून आले. यांची बिऱ्हाडे कोठे? कोणी गाळ्याच्या पोटमाळ्यावर, कोणी बांधकामाच्या आवारातील पत्र्याच्या खोपटात, कोणी काशिमिऱ्याकडच्या चाळीत, एका खोलीत आठ-दहा जण पाळीपाळीने निजून. दिवसपाळीवाला उठतो तेव्हा रातपाळीवाला त्याच जागी आडवा होतो.

ही तऱ्हा येथे नव्याने जन्मलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार असाच राहिला. गावकीच्या खोलीत पथारी, खानावळीत जेवण आणि बायकामुले गावी, हा त्याचा संसार होता. १८९६ साली प्लेग आला तेव्हा सरकारला या कोंदट खोल्यांची आठवण झाली. १८९८ साली सुधारणा मंडळ निघाले आणि १९२०च्या दशकात विकास खात्याने बी. डी. डी. चाळी बांधल्या. दोनशे सात इमारती, आणि खोली सुमारे १६० चौरस फुटांची. कामगारांसाठी म्हणून बांधलेल्या या चाळींतील कित्येक खोल्या प्रारंभी रिकाम्याच राहिल्या. भाडे त्यांना परवडेना, जागा सोयीची वाटेना. १९३०च्या सत्याग्रहात तर वरळीच्या चाळींचा उपयोग सत्याग्रही कैद्यांना कोंडण्यासाठी झाला. कामगाराच्या नावे बांधलेल्या घरात भलत्यानेच राहावे, हा आमच्या शहरांचा जुना रिवाज आहे.

मीरा रोडला त्याच रिवाजाची पुनरावृत्ती झाली. १९७६च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यात अशी तरतूद होती की, दुर्बल घटकांसाठी घरे बांधणाऱ्यास जादा जमीन राखण्याची सूट मिळावी. अशा सुटीवर येथे हजारो घरांच्या योजना झाल्या. घरे दुर्बलांना मिळतात की नाही आणि कोणत्या भावाने, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. शांतिस्टार बिल्डर्सच्या त्या खटल्यात १९९० साली न्यायालयाने सांगितले की, जगण्याच्या हक्कात राहण्याजोग्या निवाऱ्याचा हक्क अंतर्भूत आहे. हे तत्त्व मोलाचे खरेच. परंतु ज्याच्याजवळ घर विकत घेण्यास पैसा नाही, त्याला विकत मिळणाऱ्या घराचा उपयोग काय? त्याला हवी होती भाड्याची जागा.

ही उणीव २००८च्या सुमारास सरकारच्या ध्यानी आली. महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाड्याच्या घरांची योजना काढली. खोली पुन्हा १६० चौरस फुटांचीच! गांधीजींच्या सत्याग्रहापासून संगणकाच्या युगापर्यंत काळ पुढे गेला, कामकऱ्याची खोली मात्र एक फूटही वाढली नाही. तीही त्याला लाभली नाही. मीरा-भाईंदरला यांतली घरे धोकादायक इमारतींतून हलविलेल्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी वापरण्यात आली. तीही गरजू माणसे, त्यांना निवारा मिळाला याचे दुःख नाही. पण ज्याच्या नावाने योजना निघाली तो पोटमाळ्यावरच राहिला.

असे वारंवार का घडते? आमच्या मते कारण एकच. आमचे कायदे घर मागणाऱ्यास प्रथम विचारतात, 'तू येथे केव्हापासून राहतोस? कागद दाखव.' झोपडीला संरक्षण मिळते ते ठरावीक तारखेपूर्वीच्या पुराव्यावर. पूर्वी १९९५, पुढे २००० हे साल धरले गेले. जो दर सहा महिन्यांनी काम बदलतो, ज्याला घरमालक पावती देत नाही, त्याने कागद आणावा कोठून? १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने मजुरांच्या राहण्याची सोय कंत्राटदारावर सोपविली होती. पण कंत्राटदारामार्फत न येता गाववाल्याचा हात धरून आलेला मजूर त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच पडला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा याचा अर्थ साऱ्यांनी पाहिला. काम थांबले, त्यासरशी गाळ्यातली पथारीही गेली. आणि माणसे मुंबई-अहमदाबाद हमरस्त्याने पायी निघाली. मे महिन्यात वसई रोडहून श्रमिक गाड्या सुटल्या तेव्हा रांगा लागल्या. त्यांना घराची ओढ होतीच. पण या शहरात त्यांचे म्हणावे असे काही नव्हते, हेही तितकेच खरे.

कोणी म्हणतील, बाहेरच्यांची सोय केली तर लोंढे वाढतील आणि भूमिपुत्रांच्या वाट्याला काय उरेल? मिठागरे आणि शेते गेलेल्यांची ही चिंता खोटी नाही. पण माणूस येतो तो कामाच्या मागे, खोलीच्या मागे नव्हे. खोली नसली तरी तो येतोच. मग तो गटाराकाठी राहतो आणि त्याचा ताप भूमिपुत्रालाही होतो. प्लेगने हे मुंबईला शिकविले होते. म्हणून घराच्या मालकीआधी भाड्याची स्वच्छ खोली, कागदाआधी माणूस, आणि कारखान्याला परवाना देण्याआधी त्यातील मजूर निजणार कोठे याची विचारणा, एवढे जरी नगरपालिकेने आरंभिले तरी पुढच्या इतिहासकारास कामकऱ्याच्या बिऱ्हाडाची नोंद सापडेल.