तबकडीवरचा जुना ‘टीव्ही गेम’ निवडताना

नोकरीधंद्यानिमित्त पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या असंख्य कुटुंबांची मुळे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत आहेत. मुंबईच्या डबेवाल्यांपैकी अनेकांची गावेही याच पट्ट्यातली. शहरातल्या घरात नवी वस्तू आली की जुनी वस्तू गावच्या घरी रवाना होते, हा या घरांचा जुना रिवाज. टीव्ही, मिक्सर, पंखे यांच्यामागोमाग एकेकाळचे ‘टीव्ही गेम’ही असेच नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगावकडच्या माळ्यांवर आणि लोखंडी पेट्यांत जाऊन पडले. ज्यांनी त्यावर मे महिन्याच्या दुपारी घालवल्या, ती मुले आज तिशी-चाळिशीत आहेत. आपल्या मुलांसाठी, आणि खरे सांगायचे तर स्वतःसाठी, तसाच एखादा संच गावच्या घरी पुन्हा मांडावा असे त्यांच्यापैकी अनेकांना वाटते. बाजारात जुने संच मिळतातही. मात्र शहरातील कोरड्या, स्थिर विजेच्या सदनिकेत जे यंत्र दहा वर्षे टिकेल, ते सह्याद्रीच्या पायथ्याच्या घरात दोन पावसाळ्यांत मान टाकू शकते. निवड करताना म्हणूनच यंत्राच्या कीर्तीपेक्षा ते कोठे राहणार आहे, याचा विचार आधी करावा लागतो.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘मीडिया’, ‘समुराई’ अशा नावांनी जे संच घरोघरी पोहोचले, त्यांत खेळाची ‘कॅसेट’ वरून खोचावी लागे. या कॅसेटमध्ये फिरणारा असा एकही भाग नव्हता. आत फक्त सर्किट आणि त्यावरची चिप. धूळ साचली तर पुसायची आणि पुन्हा खोचायची, एवढीच तिची देखभाल. तबकडीवर, म्हणजे सीडी किंवा डीव्हीडीवर चालणाऱ्या यंत्रांचे तसे नाही. त्यांत तबकडी फिरवणारी मोटर असते, लेसरचा किरण सोडणारे भिंग असते आणि ते भिंग पुढे-मागे सरकवणारी यंत्रणा असते. हे सर्व भाग झिजतात. तबकडीवरचा जुना संच विकत घेणे म्हणजे व्यवहारात त्याच्या लेसरचे उरलेले आयुष्य विकत घेणे होय.

तबकडीचा प्रवेश या क्षेत्रात १९८८ मध्ये झाला. जपानच्या एनईसी कंपनीने आपल्या ‘पीसी इंजिन’ या यंत्राला सीडी वाचणारे जोडयंत्र त्या वर्षी आणले. पाठोपाठ १९९१ मध्ये सेगाने ‘मेगा-सीडी’ काढले. ही दोन्ही जोडयंत्रे आज संग्राहकांच्या जिव्हाळ्याची असली, तरी गावच्या घरासाठी त्यांचा विचार करू नये. मूळ यंत्र वेगळे, सीडीचे यंत्र वेगळे आणि सुटे भाग परदेशातून मागवायचे, हा खटाटोप हौसेचाच राहतो. सेगाचे ‘सॅटर्न’ (१९९४) आणि ‘ड्रीमकास्ट’ (१९९८) यांनाही हेच लागू पडते. ड्रीमकास्टची खास तबकडी सुमारे एक गिगाबाइटची आणि सेगाखेरीज इतरत्र फारशी न वापरली गेलेली. मायक्रोसॉफ्टचा पहिला ‘एक्सबॉक्स’ (२००१) दणकट खरा. पण घड्याळासाठी बसवलेला त्यातील एक कपॅसिटर कालांतराने गळतो आणि त्यातील द्राव मुख्य सर्किट खातो. शेवटची आवृत्ती वगळता बहुतेक संचांत हा दोष आढळतो. संच उघडून तो भाग काढून टाकलेला आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय तो घेऊ नये.

उरतात सोनीची दोन यंत्रे. पहिले ‘प्लेस्टेशन’ डिसेंबर १९९४ मध्ये जपानमध्ये आले. त्याच्या सुरुवातीच्या संचांत लेसरची बैठक प्लास्टिकच्या रुळावर सरके, शेजारीच वीजपुरवठ्याची उष्णता असे; रूळ झिजला की चित्रफिती अडखळत. मग लोक अख्खे यंत्र उलटे ठेवून खेळत. हा उपाय हास्यास्पद वाटला तरी पुष्कळदा लागू पडे! पुढच्या आवृत्त्यांत ही रचना सुधारण्यात आली. दुसरे यंत्र ‘प्लेस्टेशन २’ हे मार्च २००० मधले. त्याचे उत्पादन २०१३ च्या सुरुवातीपर्यंत चालले आणि जगभरात १५ कोटींहून अधिक संच विकले गेले. एवढी संख्या असल्यामुळे सुटे भाग, लेसर, केबल आणि दुरुस्ती जाणणारे हात आजही सापडतात. शिवाय पहिल्या प्लेस्टेशनचे बहुतेक सर्व खेळ त्यावर चालतात. ‘टेकन ३’ पासून ‘सॅन अँड्रियास’ आणि ‘क्रिकेट ०७’ पर्यंतच्या आठवणी एकाच डब्यात मावतात, असे म्हणता येईल.

भारतीय वाचकासाठी त्याचे आणखी एक महत्त्व आहे. आपल्या देशात घडवलेले काही खेळ या यंत्रासाठी तबकडीवर निघाले. ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणि ‘देसी अड्डा’ हे २००९ चे, तर ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ २०१० चा. ‘देसी अड्डा’मध्ये विटीदांडू आणि कबड्डी आहे. हे खेळ थोर होते, असा दावा कोणी करणार नाही. ‘हनुमान’वर तर टीकाही बरीच झाली. पण भारतातील या उद्योगाच्या बाल्यावस्थेचा तो दस्तऐवज आहे आणि सोनीची नवी यंत्रे, प्लेस्टेशन ४ व ५, या तबकड्या वाचत नाहीत. ज्याच्याकडे त्या असतील त्याने त्या चालवणारे यंत्रही जपायला हवे.

जाडा की बारीक?

प्लेस्टेशन २ ची दोन रूपे आहेत. २००० पासूनचा ‘फॅट’ आणि २००४ पासूनचा ‘स्लिम’. फॅटमध्ये तबकडी पुढच्या खणातून आत जाते, वीजपुरवठा पोटातच असतो आणि बहुतेक संचांत मागे हार्ड डिस्क बसवण्याची सोय असते. स्लिमचे झाकण वर उघडते. संग्राहक फॅटला मान देतात, परंतु गावच्या घरासाठी प्रस्तुत लेखकाचा कौल स्लिमला आहे, आणि त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण भिंगाचे. स्लिमचे झाकण उघडले की भिंग डोळ्यांसमोर येते. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल किंचित लावून ते हलक्या हाताने पुसता येते. फॅटमध्ये त्याच कामासाठी पेचकस घेऊन संच उघडावा लागतो. नारायणगाव-मंचरच्या बाजूला महामार्गाची आणि शेतातली धूळ, तर भीमाशंकर, आहुपे, नाणेघाटाकडे पावसाळ्यात भिंतींना फुटणारा ओलावा. दोन्हीकडे भिंग वारंवार पुसण्याची पाळी येणारच.

दुसरे कारण विजेचे. ७०००० ते ७९००० या क्रमांकांच्या स्लिम संचांचा वीजपुरवठा बाहेरच्या अडॅप्टरमधून होतो. ग्रामीण वाहिनीवर दाब अचानक चढला किंवा वळवाच्या पावसात वीज कडाडली, तर आधी अडॅप्टर बळी पडण्याची शक्यता असते आणि संच वाचू शकतो. हा अडॅप्टर साडेआठ व्होल्टचा असतो. दिसायला सारखाच म्हणून बारा व्होल्टचा दुसरा कोणताही जोडू नये. ९०००० क्रमांकाच्या शेवटच्या स्लिममध्ये मात्र वीजपुरवठा पुन्हा पोटात गेला. तारांचा पसारा कमी झाला, पण वरचा फायदाही गेला. हे क्रमांक संचाच्या तळाशी ‘एससीपीएच’ या अक्षरांपुढे छापलेले असतात. त्याच पट्टीवर व्होल्टेजही लिहिलेले असते. अमेरिकेतून किंवा जपानमधून नातेवाइकांनी आणलेला संच शंभर-एकशेवीस व्होल्टचा असू शकतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावला, तर खेळ सुरू होण्याआधीच संपतो. शिवाय अमेरिकी संच आपल्याकडच्या तबकड्या स्वीकारत नाही. भारतात अधिकृतपणे आलेल्या तबकड्या पाल पद्धतीच्या, म्हणून संचही पाल पद्धतीचाच घ्यावा.

दुकानात काय तपासावे?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली आणि जुना बाजार ही जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू धुंडाळणाऱ्यांची परिचित ठिकाणे. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने घोडेगावजवळच्या घरासाठी असाच एक संच घेतला. विक्रेत्याने त्यावर चित्रपटाची डीव्हीडी लावून दाखवली, चित्र स्वच्छ दिसले, पैसे दिले. गावी पोहोचल्यावर निळ्या पाठीची एकही तबकडी तो वाचेना. दोष अर्थात अज्ञानाचा होता. या यंत्रात सीडी आणि डीव्हीडी यांच्यासाठी दोन वेगळ्या तरंगलांबीचे लेसर असतात, अनुक्रमे ७८० आणि ६५० नॅनोमीटरचे. एक थकला तरी दुसरा चालू राहतो. म्हणून जाताना तीन मूळ तबकड्या बरोबर न्याव्यात : पहिल्या प्लेस्टेशनची काळ्या पाठीची, प्लेस्टेशन २ ची निळ्या पाठीची (ही सीडी असते) आणि चंदेरी पाठीची, म्हणजे डीव्हीडी. चौथी शक्य असल्यास ‘गॉड ऑफ वॉर २’ ची असावी; ती दोन थरांची, साडेआठ गिगाबाइटची आहे आणि अशक्त लेसरची तिच्यावर हमखास फजिती होते. तिन्ही-चारही तबकड्या सुरू झाल्या तरी निदान अर्धा तास संच चालू ठेवावा. गरम झाल्यावरच खरे दुखणे बाहेर येते.

‘चिप’ बसवलेल्या संचांबाबत स्पष्ट बोलायला हवे. २००० च्या दशकात आपल्याकडे विकले गेलेले पुष्कळ संच दुकानदारांनी उघडून चिप लावलेले होते आणि त्यांबरोबर मिळणाऱ्या तबकड्या नकली होत्या. कॉपी केलेल्या तबकडीची परावर्तनक्षमता छापील तबकडीपेक्षा कमी असते. त्यामुळे लेसरवर ताण येतो आणि रंगद्रव्याचा थर उडाला की तबकडीही निकामी होते. चिप लावलेल्या काही स्लिम संचांत तर लेसरची यंत्रणाच जळाल्याचा अनुभव दुरुस्ती करणाऱ्यांना आहे. पूर्वी न उघडलेला, मागची सीलबंद चिकटपट्टी शाबूत असलेला संच मिळत असेल तर चार पैसे अधिक द्यावेत.

आता तबकडीऐवजी मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवरून खेळ चालवण्याच्या युक्त्याही निघाल्या आहेत. लेसर वाचवण्याचा हा उत्तम मार्ग आहे, यात शंका नाही. (९०००० क्रमांकाच्या बहुतेक संचांवर त्यांतील सर्वांत प्रचलित युक्ती चालत नाही, हे घेतानाच ध्यानात ठेवावे.) कायद्याच्या दृष्टीने, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संगणकीय आज्ञावलीची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्यास ती नष्ट होण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा देते. ही मुभा आपल्याजवळच्या मूळ तबकडीपुरती आहे. दुसऱ्याने भरून दिलेली शेकडो खेळांची हार्ड डिस्क तीत बसत नाही.

टीव्ही आणि पावसाळा

जुना डबा टीव्ही गावच्या घरी अजून चालू असेल तर तो मुळीच मोडीत काढू नये. ही यंत्रे त्याच पडद्यासाठी घडवली गेली. नव्या सपाट टीव्हीत जुन्या संचाचे चित्र मोठे करून दाखवताना काही क्षणांश जातात आणि बॅट फिरेपर्यंत चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात पोहोचलेला असतो. बंदुकीने नेम धरायचे खेळ तर जुन्या डबा टीव्हीवाचून चालतच नाहीत. सपाट टीव्हीच वापरायचा असल्यास पिवळ्या टोकाच्या केबलऐवजी हिरव्या-निळ्या-लाल टोकांची कम्पोनन्ट केबल घ्यावी आणि टीव्हीच्या मेनूत ‘गेम मोड’ असेल तर तो लावावा. एरियलच्या जागी जोडायची पेटी मात्र टाळावी. तिचे चित्र सर्वांत गढूळ. (रेडिओ लहरींची शांतता हवी म्हणून ज्या परिसराची निवड झाली, त्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशची दुर्बीण उभी आहे, तेथे तरी केबलचाच रस्ता सभ्यपणाचा!)

आषाढ-श्रावणात पश्चिमेकडच्या गावांत कपडेसुद्धा वाळत नाहीत. या दिवसांत संच बंद पेटीत ठेवायचा असल्यास आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. घरात कोणी राहत असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास तो चालू करावा, म्हणजे आतला ओलावा उडतो. तबकड्या उभ्या, आपापल्या डबीत ठेवाव्यात आणि पुसताना मधून कडेकडे सरळ पुसाव्यात, गोल नव्हे. एसटीने किंवा गाडीने संच नेताना आत तबकडी राहू देऊ नये.

शेवटी मेमरी कार्ड. प्लेस्टेशन २ चे मूळ कार्ड आठ मेगाबाइटचे. पहिल्या प्लेस्टेशनचे खेळ साठवायला वेगळे, १२८ किलोबाइटचे कार्ड लागते. दोन्हींत बॅटरी नसते, त्यामुळे माळ्यावर पंधरा वर्षे पडलेल्या कार्डातही जुने सामने, जुने संघ आणि कोणी तरी कोणाच्या नावाने उघडलेली खाती शाबूत सापडतात. कार्डावर नोंद होत असतानाच वीज गेली तर मात्र ती बिघडू शकते. म्हणून छोटा यूपीएस जोडलेला बरा. नवा संच हाती आल्यावर जुने कार्ड त्यात घालावे, तबकडी न लावता संच सुरू करावा आणि ‘ब्राउझर’ या पर्यायात जाऊन आत काय आहे ते पाहावे. बहुतेक नोंदी तेथूनच दुसऱ्या कार्डावर उतरवता येतात. बंद पडलेला जुना संच भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्याच्या पुढच्या खाचेत कार्ड राहिलेले नाही ना, एवढे पाहून घ्यावे.