जोडधनुष्य

जोडधनुष्य : दोन आखूड लाकडी तुकडे मुठीच्या जागी सांधून, मग एकत्र तासून घडवलेले धनुष्य. शिंग, लाकूड आणि स्नायू यांचे थर चिकटवून केलेले संयुक्त धनुष्य आणि एकाच लांब फाळीतून काढलेले अखंड धनुष्य हे याहून निराळे प्रकार. मुठीवरचे कातडे किंवा दोरा सोडला की आतला नागमोडी सांधा दिसतो आणि पाहणारा हमखास विचारतो, ‘हे मोडलं होतं का?’ मोडलेले नसते. हा सांधा डागडुजीचा नाही. तो धनुष्य घडवायच्या आधीच ठरलेला असतो.

धनुष्याला लाकूड कमी लागते, पण ते फार निवडक लागते. माणसाच्या उंचीइतकी, गाठ नसलेली, पीळ न पडलेली फाळी खोडातून मिळायला हवी. अशी फाळी कुठे मिळते आणि कुठे नाही, यावरच सांध्याची गरज ठरते. अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यात ही दोन्ही टोके सापडतात. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीचा मुसळधार पाऊस आहे. तिथल्या घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजीच म्हणतात. सह्याद्रीच्या पानझडी रानात बांबूबरोबर धामण वाढते. धामणीचे लाकूड चिवट आणि लवचिक. कावडीचा दांडा, अवजारांचे दांडे आणि धनुष्य ही त्याची जुनी कामे. तिचे संस्कृत नाव ‘धन्वन’, आणि ‘धन्वन्’ म्हणजे धनुष्य. एवढे सांगितले की पुरे. पूर्वेकडे पाथर्डी-जामखेडच्या अवर्षणी माळावर मात्र बाभूळ, बोर आणि कडुनिंब. बाभूळ बैलगाडीच्या चाकाला उत्तम, पण सरळ सहा फूट बाभूळ शोधायला निघालेला माणूस बहुधा रिकाम्या हाताने परततो. तीन फुटांचे दोन सरळ तुकडे मात्र वाकड्या झाडातूनही निघू शकतात. जोडधनुष्याचे मूळ याच हिशेबात आहे.

जिल्ह्यातले परंपरागत धनुष्य म्हणजे कामठा. बाणासह बोलताना तीरकामठा. प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यातील भिल्ल समाजाशी ते विशेष जोडलेले आहे. ‘भिल्ल’ हे नावच धनुष्यवाचक द्रविड शब्दावरून (तमिळमध्ये ‘विल्’) आले, असे सामान्यतः मानले जाते. कामठ्याला सांधा नसतो आणि तो लागतही नाही. बांबू मुळातच लांब आणि सरळ, त्याचे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतात आणि सालीजवळ ते सर्वांत दाट असतात, म्हणजे ताण सोसायला तयारच. पेरांची गाठ तासताना जपली की झाले. भिल्लांच्या धनुष्याची खरी नवलाई दोरीत आहे : पुष्कळदा दोरीसुद्धा बांबूच्याच चिरलेल्या पट्टीची असते. ही युक्ती फार जुनी असावी. कौटिलीय अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्याची चार द्रव्ये दिली आहेत, आणि प्रत्यंचेच्या यादीत मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांच्याबरोबर वेणू, म्हणजे बांबूही, आहे.

घडण. जोडधनुष्याचे दोन्ही तुकडे एकाच खोडाचे, शक्यतो शेजारी-शेजारी फाडलेले घेतात. करवतीने कापण्यापेक्षा पाचर मारून फाडणे चांगले, कारण फाळी तंतूंच्या वाटेनेच उलगडते आणि पीळ असेल तर तो तिथेच उघडा पडतो. जुळ्या तुकड्यांचे वजन, वलये आणि चिवटपणा सारखा असल्याने दोन्ही बाहू सारखे वाकतात. दोन्ही तुकड्यांची बुंध्याकडची टोके मुठीत समोरासमोर आणायची, म्हणजे शेंड्याकडचे लाकूड दोन्हीकडे टोकाला जाते. १८० सेंमी. धनुष्य आणि १० सेंमी. सांधा असेल, तर प्रत्येक तुकडा ९५ सेंमी.चा घ्यावा लागतो. हे गणित विसरणारा पहिल्याच दिवशी दहा सेंमी. गमावतो. लाकूड पूर्ण वाळलेले हवे. ओले सांधले तर ते नंतर आकसते आणि सांधा उघडा पडतो.

तुकडे सपाट कापून टोकाला टोक चिकटवले तर सांधा टिकत नाही. कापलेल्या टोकाला लाकडाच्या उघड्या नळ्या असतात. सरस त्यांत शोषला जातो आणि पकड उरत नाही. म्हणून एका तुकड्याला दोन लांब दाते आणि मधे खाच, दुसऱ्याला त्यांत बसणारे दाते, अशी करवतीच्या दात्यांसारखी रचना करतात. ३ सेंमी. रुंद आणि ४ सेंमी. जाड मुठीत सपाट टोकांचे क्षेत्र १२ चौ. सेंमी. भरते. त्याच मुठीत १० सेंमी. लांबीच्या चार तिरक्या बाजू मिळून १६० चौ. सेंमी.हून थोडे जास्त क्षेत्र देतात, शिवाय त्या जवळजवळ तंतूंच्या दिशेने असतात. एकच तिरका काप घेऊनही सांधा होतो. तो कापायला सोपा, पण शिकंज्यात आवळताना घसरतो. दातेरी सांधा स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. दाते पातळ करवतीने रेषेच्या किंचित बाहेरून कापतात आणि पटाशी-कानशीने जुळवतात. काही कारागीर टोके उकळत्या पाण्यात मऊ करून एकमेकांत दाबतात, वाळू देतात आणि मग चिकटवतात. पूर्वी सरस वापरत, आता कृत्रिम राळ. चिकटवण्याआधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून तो मुठीच्या मधोमध जातो का, हे बघणे सर्वांत महत्त्वाचे. सांधा केसभर तिरका बसला तर टोकाला तो बोटभर दिसतो, आणि दोरी मुठीच्या बाजूने पळते. मात्र सांध्यातला कोन कारागिराच्या हातात असल्यामुळे बाहू हवे तर थोडे पुढे झुकवता येतात. अखंड फाळीत ही मोकळीक सहज मिळत नाही.

ओढताना वाकवणारा जोर मुठीपाशीच सर्वाधिक असतो, मग सांधा तिथेच का? कारण मूठ जाड ठेवता येते. जाडी दुप्पट केली की त्याच जोरात लाकडावरचा ताण चौथ्या हिश्शावर येतो आणि कडकपणा आठपट होतो. मूठ वाकतच नाही. वाकायचे काम बाहूंचे. सांधा बाहूत घातला तर धनुष्य फार दिवस टिकत नाही.

दातेरी सांधा भारतात नवा नाही. मुघल आणि दख्खनी फौजांतील संयुक्त धनुष्यांचा लाकडी गाभा सहसा मूठ, दोन बाहू आणि दोन कडक टोके अशा पाच तुकड्यांचा असे आणि ते तुकडे अशाच पाचरीसारख्या सांध्यांनी जोडलेले असत. १५९५-९६ मध्ये चांदबिबीने लढवलेल्या अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घालणाऱ्या मुघल घोडेस्वारांचे धनुष्य याच जातीचे. त्याचा शत्रू मात्र पाऊस : दमट हवेत सरस ढिला पडतो. भारतात पोलादी धनुष्ये झाली त्याचे एक कारण हेच, आणि त्यांतली काही मुठीपाशी आट्यांनी उघडून दोन तुकड्यांत ठेवता येत. म्हणजे तिथेही जोड मुठीतच.

युरोपात एकोणिसाव्या शतकात यू वृक्षाची निर्दोष लांब फाळी दुर्मीळ झाल्यावर इंग्लंडमधील नेमबाजीची बरीच धनुष्ये जोडाची होऊ लागली. अमेरिकेत ओसेज ऑरेंज या वाकड्यातिकड्या वाढणाऱ्या झाडामुळे हौशी कारागिरांनी हीच पद्धत उचलली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा कामठा मागे पडला; आता तो मुख्यतः ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या मिरवणुकांत खांद्यावर दिसतो. स्पर्धेत लाकूड-बांबूच्या धनुष्याला ‘इंडियन राउंड’मध्ये जागा आहे, त्यात ३० आणि ५० मीटरवरून नेम धरतात. जोडधनुष्य असो वा कामठा, काम झाले की दोरी उतरवून ठेवतात. चढलेल्या दोरीने वाक कायमचा बसतो. पावसाळ्यात जोडधनुष्याची मूठ कोरडी ठेवावी लागते. चुलीच्या धुरावर आढ्याला टांगलेला कामठा इतके लाड मागत नाही.